गवती चहाला वास का येत नाही?

देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका ताईंचे पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"नोकऱ्या संपल्यावर आम्ही दोघे मुंबईहून गावच्या घरी राहायला आलो. न्हाणीच्या मागे, फणसाखाली, सासूबाईंनी लावलेला गवती चहाचा मोठा ठोंब आहे. त्यांची आठवण म्हणून तो कापायला जीव होत नाही. लागतील तेवढ्या दोन-चार पाती वरून खुडते. पण चहाला पूर्वीसारखा वास येत नाही, गवत उकळल्यासारखे लागते. पावसात ठोंब मधोमध कुजला. एप्रिल-मेमध्ये पातींचे शेंडे करपले, विहिरीचे पाणी घालून घालून दमले. शेजारच्या काकी म्हणतात, काढून टाक, साप येतात. आमचे हे म्हणतात, राहू दे, डास पळतात. मला तर त्याचे तेल काढून साड्यांच्या कपाटात वास ठेवायचा होता. मुलीलाही पुण्याला एक ठोंब पाठवायचा आहे. काय करू?"

ताई, तुमचा ठोंब वाचेल आणि वासही परत येईल. पण त्यासाठी आधी कोयती हातात घ्यावी लागेल. तुम्ही तो जपताय म्हणून कापत नाही, आणि कापत नाही म्हणूनच त्याचा वास गेला आहे.

गवती चहाचा वास ज्या तेलामुळे येतो त्यात सिट्रल नावाचे द्रव्य साधारण ७० ते ८० टक्के असते. हे तेल पातीच्या आतल्या पेशींत साठते. कोवळ्या, नुकत्या वाढलेल्या पातीत ते भरपूर असते आणि पात जून होत जाते तसे कमी होते. तुमच्या ठोंबातल्या बहुतेक पाती जून असणार, कारण शेंडे खुडल्याने खालून नवे फुटवे जोमाने येत नाहीत. त्यात तो फणसाखाली. गवती चहा हे उन्हाचे गवत आहे. दिवसातून पाच-सहा तास ऊन लागले नाही तर पाती लांब, मऊ, हिरव्यागार होतात, दिसायला सुरेख दिसतात, पण चोळून पाहिल्या तर वास पातळ लागतो. पावसाळ्यातही असेच होते. वाढ भरमसाट होते आणि वास बेताचा राहतो. आता पाऊस सरला आहे, ऊन चढले आहे, तेव्हा वासासाठी खरा हंगाम आताच सुरू होतोय.

आता कुजण्याचे पाहू. तुम्ही ठोंबाचे वय लिहिलेले नाही, पण सासूबाईंनी लावलेला आहे म्हणजे चार-पाच वर्षांच्या पुढचा नक्कीच. या गवताचे नवे फुटवे कडेने येतात, मधला भाग जुना होऊन वाळतो, त्यात काडीकचरा साठतो. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. ते पाणी त्या पोकळीत बसले की मधला गाभा कुजणारच. त्यातून आपल्याकडे माडाला करतो तसे आळे यालाही करायची सवय असते. माडाला ते चालते. गवती चहाच्या बुंध्याशी पाणी तुंबले की तो गेला. त्याला उंचवटा हवा, खड्डा नको.

म्हणून आता असे करा. पूर्ण ठोंब एकदम उपटू नका, अर्धा ठेवा. दुसऱ्या अर्ध्या भागाच्या पाती जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा आणि तो भाग पहारीने किंवा कुदळीने मुळांसकट उचला. मधले वाळलेले, काळपट झालेले सगळे टाकून द्या. त्यात जीव उरलेला नाही, वाईट वाटून घेऊ नका. कडेचे घट्ट, बुडाशी पांढरट-हिरवे, मुळे असलेले फुटवे वेगळे करा. दोन-तीन फुटव्यांचे एक असे जुडगे करून, जिथे सकाळपासून दुपारपर्यंत ऊन येते अशा जागी दीड-दोन फुटांच्या अंतराने लावा. पांढरा बुंधा चार बोटांपेक्षा खोल पुरू नका, वाढीचा कोंब तिथेच असतो. पहिले दोन-तीन आठवडे रोज थोडे पाणी. जुन्या पाती पिवळ्या पडतील, त्याने घाबरू नका, मधून नवे पाते डोकावले की रुजला असे समजा. उरलेला अर्धा ठोंब येत्या मृगाच्या पावसात असाच फोडा. लावणीसाठी मृग सगळ्यात सोपा, पाणी घालायचे कष्ट वाचतात. पण तुमच्या ठोंबाला तोवर थांबवणे मला योग्य वाटत नाही.

आणि हे कडेचे फुटवे म्हणजे सासूबाईंचाच ठोंब आहे, दुसरे काही नाही. आपल्या परसातल्या गवती चहाला फुले क्वचितच येतात, बी धरत नाही. तो एका ठोंबातून दुसरा असाच घरोघर गेलेला आहे. तेलासाठी शेतात लावतात तो केरळकडचा प्रकार वेगळा. त्याला फुले येतात, त्याची पात बारीक असते. केरळात ओडक्कली येथे १९५१ पासून त्यावर संशोधन चालते आणि जुन्या व्यापारात त्याचे तेल कोचीन तेल म्हणूनच ओळखले जाई. नर्सरीतून नवे रोप आणायचे झालेच तर पात चोळून वास घ्या. सिट्रोनेला नावाचे याचेच भावंड पुष्कळदा गवती चहा म्हणून विकले जाते. त्याच्या बुडाशी लालसर-जांभळट झाक असते आणि वास डासांच्या अगरबत्तीकडे झुकतो. ते चहात घालायचे नाही.

माती कोणती, हे तुम्ही विचारले नाही, पण कोकणात विचारायलाच हवे. आपली तांबडी माती थोडी आंबट असली तरी याला चालते. अडचण असते ती खाली लगेच कातळ लागला तर. तिथे पाणी मुरत नाही. अशा जागी चिऱ्याचे तुकडे गोलाकार लावून त्यात हातभर उंच मातीचा ढीग करा आणि त्यावर लावा. कुंडीत लावायचे तर बारा-चौदा इंचांपेक्षा लहान कुंडी घेऊ नका. रंगाची रिकामी मोठी बादली स्वच्छ धुऊन, बुडाला चार-पाच भोके पाडून घेतली तरी उत्तम. निम्मी माती, उरलेल्या निम्म्यात कुजलेले शेणखत आणि चिऱ्याचा भुगा किंवा नदीची वाळू. समुद्राची पुळण कुंडीत घालू नका, तिच्यात मीठ असते. शेण ओले घालू नका, त्याने हुमणी आणि वाळवी दोन्हींना आमंत्रण मिळते. कुंडीतला ठोंब वर्षा-दीड वर्षात मुळांनी गच्च भरतो, तेव्हा तो फोडून नव्याने लावावा लागतो. जमिनीतल्याला एवढी घाई नसते.

मिठाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या करपणाऱ्या शेंड्यांबद्दल. तुम्ही खाडीकाठी राहता. एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी जरा मचूळ लागते का, ते चाखून पाहा. खाडीलगतच्या पुष्कळ विहिरींचे तसे होते. ते पाणी रोज घातले की क्षार मातीत साठत जातात आणि पातीचे शेंडे आधी करपतात. तुम्ही जितके जास्त पाणी घातले तितके मीठ वाढले असणार. उन्हाळ्यात रोज थोडे थोडे शिंपण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्या म्हणजे क्षार खाली वाहून जातील, आणि बुंध्याभोवती, बुंध्याला न टेकवता, सोडणे (नारळाची सुकी सालटे) उलटी मांडून ठेवा. माती गार राहते, पाणी कमी लागते. समुद्राचा खारा वारा थेट येत असेल तर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आडोशाला लावा. पाऊस पडला की साठलेले मीठ धुऊन जाते. थोडे शेंडे करपले तर मात्र मनावर घेऊ नका, उन्हाळ्यात ते होतेच. पातीवर तांबूस-तपकिरी रेघा आणि खाली भुकटी दिसली तर तो तांबेरा. त्या पाती बुडातून कापून जाळा, ठोंब विरळ करा आणि संध्याकाळी पातींवर पाणी मारणे बंद करा.

न्हाणीच्या मागे ठोंब आहे म्हणजे सांडपाणी तिथेच जात असेल. पूर्वी शिकेकाई आणि राखेचे पाणी असायचे, त्याने बिघडत नव्हते. आता साबण, शाम्पू, कपड्यांची पावडर. ज्याची पात आपण उकळून पितो त्याला हे पाणी देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ते केळीला किंवा माडाला वळवा.

कापणी कशी करायची ते आता नीट सांगते, कारण सगळे त्यावर आहे. नव्या लावणीला चार-पाच महिने हात लावू नका. मग पहिली कापणी करा. जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून धारदार कोयतीने सगळा ठोंब एकसारखा कापायचा. पात हाताने ओढून तोडायची नाही, तिची कड पात्यासारखी असते, बोट कापते. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कापण्याजोगा होतो. रोजच्या चहासाठी मधल्या काळात पाती लागतातच, तर कडेचा एखादा पूर्ण फुटवा बुडातून काढा, शेंडे खुडू नका. प्रत्येक कापणीनंतर ओंजळभर शेणखत किंवा गांडूळखत द्या. कोवळी पात पुन्हा पुन्हा येत राहिली की तुम्हाला चहाचा वास शोधावा लागणार नाही.

पण समजा पात उत्तम आहे आणि तरी वास नाही, तर चूक पातेल्यात आहे. पात पाण्याबरोबर सुरुवातीपासून खळखळ उकळली की तिचे तेल वाफेबरोबर उडून जाते. सगळ्या पडवीत वास दरवळतो आणि कपात काही उरत नाही. आधी पाणी, ठेचलेले आले आणि साखर उकळू द्या. चहा पावडर घाला. मग पाती कात्रीने बोटाच्या पेराएवढ्या कापून, चुरगाळून टाका, एक उकळी येऊ द्या, गॅस बंद करा आणि झाकण ठेवून तीन-चार मिनिटे थांबा. दूध वेगळे गरम करून वरून घाला. पात न कापता अख्खी टाकली तर आतले तेल बाहेर यायला वाट मिळत नाही. काढ्यात मात्र मिरी, आले, तुळस आधी चांगले उकळावे आणि गवती चहा शेवटीच घालावा.

वास लिंबाचा असला तरी यात लिंबाचा आंबटपणा नाही, त्यामुळे दूध फाटत नाही. म्हणून तांदळाच्या खिरीत हा फार छान जातो. दूध तापवताना पातीची एक गाठ मारून त्यात सोडा, दहा मिनिटांनी काढून घ्या, मग वेलची घालू नका. कोकम सरबतासाठी पाक करता तेव्हा पाक उतरवल्यावर त्यात मूठभर चिरलेली पात घालून झाकून ठेवा आणि गार झाल्यावर गाळा. मेमध्ये पाहुण्यांना द्या, विचारतील काय घातले आहे. बुडाचा पांढरा, जाडसर भाग आपण टाकून देतो, तो टाकू नका. बत्त्याने ठेचून नारळाच्या दुधातल्या कोळंबीत किंवा भाजीच्या रश्श्यात घाला आणि वाढताना काढा, तो चावला जात नाही. बांगड्याच्या तिखल्यात मात्र घालू नका. तिथे तिरफळ असते, आणि दोन्ही वास एकमेकांना मारतात. मी तरी तिरफळाच्याच बाजूने राहीन.

पात साठवायची तर ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहते. चिरून फ्रीझरमध्ये ठेवली तर महिनोन्‌महिने. वाळवायची असेल तर आता, कार्तिकापासून माघापर्यंत, सावलीत आणि वाऱ्यावर. उन्हात वाळवलेली पात गवतच होते. पावसाळ्यात वाळवायच्या फंदात पडू नका, बुरशी धरते. वाळली की घट्ट झाकणाच्या बरणीत भरून अंधारात ठेवा.

तेलाचे तुमच्या मनात आहे, पण घरी ते करू नका. एक किलो ताज्या पातीतून चांगल्या भट्टीत दोन ते चार मिलिलिटर तेल निघते, म्हणजे एक चमचाही नाही. स्वयंपाकघरातल्या जुगाडातून तेवढेही नाही. शिवाय हे तेल कपाटात टिकणारे नाही, सिट्रल हवेत लवकर उडते आणि बिघडते. साड्यांसाठी वाळ्याची मुळे आणा. वाळाही गवतच, पण त्याचा सुवास मुळांत असतो आणि त्याचे तेल सावकाश उडते, त्यामुळे वर्षभर पुरतो. गवती चहाचा सुगंध ताजाच घ्यायचा. कापणीच्या दिवशी उरलेल्या जून पाती बंबाच्या किंवा हंड्याच्या पाण्यात टाका आणि त्या पाण्याने आंघोळ करा. पाती उकळून गाळलेल्या पाण्याने लादी पुसा. अंगाला लावायला हवे असेल तर पूर्ण वाळलेली पात घरच्या खोबरेल तेलात घालून मंद कोमट करा आणि दोन-तीन दिवसांनी गाळा. पातीत ओल राहिली तर तेल खवट होते. आधी मनगटाच्या आत थोडे लावून पाहा. बाजारचे शुद्ध तेल मिळते ते थेट अंगाला लावायचे नाही, पोटात घ्यायचे नाही आणि घरात मांजर असेल तर तिच्या वाटेला येईल असे ठेवायचे नाही. गरोदर सुनेला किंवा मुलीला रोज कपभर घट्ट काढा देण्याआधी डॉक्टरांना विचारा. साध्या चहातल्या एक-दोन पातींची गोष्ट वेगळी.

तुमच्या यजमानांना सांगा, नुसता ठोंब उभा असल्याने डास जात नाहीत. पात मोडल्याशिवाय, चुरगाळल्याशिवाय तेल बाहेर येत नाही, आणि आले तरी थोड्या वेळात उडून जाते. उलट कुंडीत लावलात तर खालच्या ताटलीत साठलेले पाणी पाहा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, थोड्याशा पाण्यात अंडी घालतो. आगरात पडलेल्या करवंट्या पालथ्या करा, आठवड्यातून एकदा ताटल्या कोरड्या करा, त्याने घरात खरा फरक पडेल.

काकींच्या बोलण्यात मात्र तथ्य आहे, ते उडवून लावू नका. गवती चहाच्या वासाने साप येत नाहीत आणि पळतही नाहीत. पण न कापलेला, खाली सुका कचरा साठलेला ठोंब म्हणजे बेडूक, उंदीर यांना आडोसा, आणि त्यांच्यामागे साप. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळपट्ट्यात फुरसे आहे, ते लहान असते आणि पाचोळ्यात दिसत नाही. ठोंब पायरीपासून आणि न्हाणीच्या वाटेपासून दहा-बारा हात लांब लावा. बुंध्याखालचा सुका भाग दर कापणीला साफ करा, आणि सोडणे मांडली असतील तर ती लांब काठीने उलटून पाहा. पाती तोडण्याआधी काठीने ठोंब हलवा, हात थेट बुडात घालू नका, दिवेलागणीनंतर तर नाहीच. पायात चप्पल नव्हे, बूट असावेत. नियमित कापलेल्या, खालून मोकळ्या ठोंबाला काकींचीही हरकत राहणार नाही.

मुलीला ठोंब आता पाठवू नका. पुण्यात डिसेंबर-जानेवारीची थंडी आपल्यापेक्षा कडक असते, त्या थंडीत नवी मुळे धरायला त्याला जड जाते. फेब्रुवारीच्या शेवटी, इकडची नवी लावणी जोर धरेल तेव्हा, उरलेल्या अर्ध्या ठोंबातले मुळे असलेले चार-पाच फुटवे काढा, पाती वीतभर ठेवून कापा, मुळांभोवती ओले वर्तमानपत्र आणि वर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. पिशवीचे तोंड पातींकडून उघडे ठेवा. असे बांधलेले फुटवे तीन-चार दिवस आरामात टिकतात, एस.टी.ने कोणी जाणारे असेल तर उत्तमच. पोचले की दोन-तीन तास पाण्यात उभे करून मग कुंडीत लावायला सांगा, आणि तिची गॅलरी उत्तरेकडे असेल तर कुंडी गच्चीवर न्यायला सांगा.